दगडांची पंगत

आमच्या वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या आधी टेप दिसायचा. शिंप्याचा पिवळा टेप. बाभूळगावला घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, पण दुकान बंद झालं तरी टेप उतरायचा नाही. लग्नाला गेली तरी पदराखाली असायचाच. माझ्या आईला लकवा झाला आणि तिला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आम्ही सगळे रडत होतो आणि ही बाई तिथल्या पलंगाची उंची मोजत होती. मला इतका राग आला म्हणून सांगू. आठ दिवसांनी आईला घरी आणलं तेव्हा कळलं, तिनं दवाखान्यातूनच सुताराला फोन करून घरच्या पलंगाचे पाय बरोबर तेवढे उंच करून घेतले होते. मी काही बोलले, तर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "मोजाले काय जाते, ताई?"

मी तिची धाकटी नणंद, शोभा. राहते यवतमाळला, आईच्या आजारपणात शनिवार-रविवार माहेरी असायची. यवतमाळच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची सवय हाडात मुरलेली. वहिनीचं बोलणं अस्सल आमच्या वऱ्हाडातलं, माझं पुस्तकी. आणि इतकी वर्षं मला वाटायचं की शहाणी मीच. आता दादा आणि वहिनी नागपूरला मुलाकडे असतात, नातीला सांभाळतात. जाताना तो टेप ती मला देऊन गेली. कोणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगते, बावडी वाचवली ती माझी वहिनी. पण आधी मी तिला किती छळलं, तेही सांगायला हवं.

बावडीची गोष्ट अशी सुरू झाली. बावड्या म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, मातीत गेलेल्या मूर्ती, वीरगळ शोधून त्या जपायची एक चळवळ आमच्या भागात उभी राहिली होती. मानधन नाही, हजेरी नाही, रविवारी सकाळी घमेलं-फावडं घेऊन हजर व्हायचं, एवढाच नियम. चळवळीचं काम बघणारे एक निवृत्त चित्रकलेचे सर कापडी पिशव्या शिवून घ्यायला वहिनीकडे आले. बोलता बोलता म्हणाले, सात किलोमीटरवरच्या गावात एक बावडी आहे, पायऱ्या अंदाजे फूटभर उंच असतील. वहिनीनं मशीन थांबवलं. म्हणाली, "अंदाजे कायले, सर? कोणी मोजल्या नाई काय?" नव्हत्या मोजल्या. पुढच्या रविवारी ती स्कुटीवर बसून मोजायलाच गेली, आणि त्यानंतर जातच राहिली.

मी पहिल्यांदा ती बावडी पाहिली तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. वर बाभळी, आत प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या, विसर्जनाच्या मूर्तींचे सांगाडे. वहिनी मात्र खाली उतरत मला समजावत होती. वरच्या पायऱ्या रुंद, मग प्रत्येक पायरी दोन्हीकडून दोन-दोन बोटं कमी. "ब्लाऊजले कमरेत टक्स घेतल्यावाणी हाय पाहा," ती म्हणाली. "ज्यानं बांधली ना ताई, त्यानं माप घेऊन बांधली. असा माणूस होऊन गेला आपल्या इकडे, आन् आपण त्याच्या कामात कचरा टाकून राह्यलो." मी आपलं बरं म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं, कारण घरी आई होती.

आईचं उजवं अंग गेलं होतं. डोकं मात्र शाबूत, आणि जीभ तर जास्तच. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, भरवायचं. एरवी सगळं वहिनी करायची. रविवारसाठी तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला होता: आठ वाजता डावी कूस, दहाला पेज आणि उजवी कूस, बाराला पाठ. दादा पंचायत समितीतून निवृत्त झालेला. तो प्रत्येक कामासमोर तारीख-वेळ घालून सही करायचा. पण दुपारचं जेवण आई त्याच्या हातून घ्यायची नाही. "तू घास देतं का टपाल टाकतं?" असं त्याला ऐकवायची. म्हणून वहिनीच्या मोबाईलमध्ये साडेबाराचा गजर लावलेला असे. गजर वाजला की हातातलं फावडं जिथं असेल तिथं ठेवून ती निघायची, आणि एकच्या ठोक्याला आईच्या उशाशी हजर व्हायची.

एकदा तालुक्याहून कोणी मोठे पाहुणे बावडी बघायला आले. भाषणं लांबली. शेवटी सत्कारासाठी वहिनीचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं, आणि तोवर तिची स्कुटी अर्ध्या रस्त्यात पोचली होती. शाल-श्रीफळ सरांनी संध्याकाळी घरी आणून दिलं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबली असतीस तर काय झालं असतं? तर म्हणे, "सत्कार पुढच्या रविवारी बी होइन. भूक थांबते काय?" शाल आईच्या पायांवर टाकली आणि नारळ चटणीला वापरला.

इतकं सगळं दिसत असूनही मी एक दिवस तिच्यावर तुटून पडले. आईच्या पाठीवर लाल चट्टा दिसला होता. अंथरुणावरच्या माणसाला असा चट्टा म्हणजे पुढच्या जखमेची सुरुवात. मी सगळ्या घरासमोर म्हणाले, "तुला आई महत्त्वाची की बावडी? लोकांच्या दगडांना न्हाऊमाखू घालतेस आणि घरचं माणूस सडतंय." आणि एवढ्यावर थांबले नाही. बजावून टाकलं, की ते खालच्या पायऱ्यांचं काम चाललंय तेवढं उरक, त्यानंतर रविवार बंद. दादानंही मान डोलावली. वहिनी उठली. पावडर आणली, आईला कुशीवर घेतलं आणि चट्ट्याभोवती हलक्या हातानं लावत बसली.

ती आत गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "शोभे, मांगच्या रविवारी तुहा दादा लग्नाले गेलता. माह्यापाशी कोण होतं?" मी होते. भिंतीवरचा कागद वाचून मी म्हटलं होतं, त्यात काय मोठंसं. मग टीव्ही लावला आणि खुर्चीत मला झोप लागली, ती दोन कुशी बुडेपर्यंत. वहिनीनं घरी आल्याबरोबर त्या कागदावर माझी सही नाही हे पाहिलं असणार. तरी तिनं सांगितलं नाही. मला तेव्हा माफी मागावीशी वाटली, पण मागितली नाही. नणंदपणा इतक्या लवकर उतरत नाही. रविवार बंदचा हुकूमही मी मागे घेतला नाही.

रविवारी संध्याकाळी दिवेलागणीला वहिनी आईच्या पायांना तिळाचं तेल चोळायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. बावडीच्या तळच्या तीन पायऱ्या खचल्या होत्या. त्यांचे दगड एकेक करून उपसून वर मोकळ्या जागेत मांडायचे आणि पाथरवट आला की पुन्हा जसेच्या तसे बसवायचे, असं ठरलं होतं. ती आईला प्रत्येक दगडाचं वर्णन करायची. हा इतका लांब, याचा कोपरा उडालेला, त्याच्या पोटात पांढरी रेघ. आई पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "नाक तुटकं? मंग तो आपला आबाजी." उंच अन् सरळ तो थोरला मामा. ज्याच्यात दोन खळगे, ती घाटंजीची मावशी, गालावर खळ्या पडायच्या म्हणून. असं करत तीन पायऱ्या म्हणजे आमच्या घरच्या जेवणाच्या तीन पंगती झाल्या. दगड ज्या ओळीनं निघाले त्याच ओळीनं कोणाशेजारी कोण बसलं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं आई हसत हसत लावायची. मी हे दारातून ऐकायची आणि मनात म्हणायची, दोघींना काही कामं नाहीत.

दगडांवर नंबर टाकायचा दिवस आला तेव्हा कोणी ऑइल पेंट आणला होता. वहिनीनं डबा उघडू दिला नाही. "दगडाले जन्माचा डाग लागन," म्हणाली, आणि आपला शिवणाचा गुलाबी खडू काढला. तीस दगड, तीस नंबर. कोणता नंबर कोणत्या पायरीवर, डावीकडून कितवा, हे वहीत टिपून घेतलं. तळच्या पायरीतला एक दगड कधीच भुगा होऊन गेला होता, त्या जागेसमोर 'रिकामं' लिहिलं. पाथरवट पांढरकवड्याकडचा, मोठ्या मागणीचा माणूस. त्यानं पावसाळ्यापूर्वीचे आठ दिवस दिले, त्यातला सोमवार पहिला. पायऱ्या वेळेत बसल्या नाहीत तर वरची भिंत पावसात आत येणार होती. आणि अर्धं गाव वाटच पाहत होतं, की बावडी बुजवून तिथं सभागृह बांधू.

आदल्या शनिवारी गावातल्या बायका जमल्या. सोमवारी पूजा, पाहुणे येणार, म्हणजे अंगण झाडायचं, सडा टाकायचा, रांगोळी काढायची. दगड धुळीनं माखलेले, त्यावर गुलाबी रेघोट्या. त्यांनी हंड्या-बादल्यांनी पाणी आणलं, नारळाच्या शेंडीनं तीसही दगड घासून काढले आणि प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. शेवाळ होतं तो आणि कोरडा होता तो, असे वेगवेगळे धुवायला बरे म्हणून रांगाही मोडल्या. रविवारी सकाळी वहिनी पोचली तर काळेकुळकुळीत दगड चमकत होते. एक बाई कौतुकानं म्हणाली, "पाहा बाई, तुमचे दगड कसे चकाचक केले आमी." वहिनी म्हणाली, "लय छान केलं." मग कडुलिंबाच्या मागे जाऊन तिनं जी बसकण मारली, ती साडेबाराचा गजर वाजल्यावरच उठली. फोटो होते, शेकडो होते. पण गाळात आणि गवतात काढलेले, सगळे दगड एकाच रंगाचे. वहीत सात नंबर कुठं बसतो ते लिहिलं होतं, आता सात नंबर कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मापं वहिनीनं घेतली होती, पण नंबर आहे म्हणून दगडानिशी लिहून ठेवली नव्हती.

त्या दिवशी मी घरी होते. वहिनी एकला आली, हातपाय धुतले आणि आईला भरवायला बसली. भरवताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खांद्याला पुसत होती. मला म्हणाली, "शिंप्याचा खडू धुतल्यावर जाण्यासाठीच असते, ताई. हे बाकी कोणाले माहीत नसन. मले तं माहीत होतं ना." मला वाटलं आता मी जिंकले, रविवार आपोआप बंद झाले. आणि असं वाटल्याची मला लाज वाटली, ती आजही वाटते.

आईनं घास गिळला आणि विचारलं, "काहून रडतं? दगड गेले काय?"

"दगड हायत, आई. नंबर गेले."

"मंग? नंबर गेले, नावं तं हायत ना."

वहिनीच्या हातातला घास तसाच राहिला. आई म्हणाली, "वरच्या पंगतीत डाव्या अंगानं पयला थोरला मामा. त्याच्या बाजूनं मावशी. मंग आबाजी, नाक तुटका. लिहून घे, माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यली?" दादा पळत जाऊन वही घेऊन आला. तिसरी पंगत संपेपर्यंत आई अडखळली नाही. मग म्हणाली, "आता मले घेऊन चला. तुमच्यानं नाई ओळखू येनार. माहे लोक हायत थे."

मी विरोध केला, अर्थात. लकव्याचं माणूस, सात किलोमीटर, उन्हाचे दिवस. डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, सकाळी न्या, हळू न्या, दोन तासांत परत आणा. सोमवारी शेजाऱ्याच्या छोट्या टेंपोत गादी घालून बाज ठेवली, बाजेवर आई, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला छत्री धरून मी. बावडीवर पोचलो तर आख्खं गाव जमलं होतं. दगड धुणाऱ्या बायका एका कोपऱ्यात तोंड पाडून उभ्या होत्या. आईनं त्यांना जवळ बोलावलं. म्हणाली, "बरं केलं धुतले. पाव्हणे काय धुळीत बसवता?" त्या हसल्या, आणि मग त्यांनीच दगड ओढायच्या दोराला हात लावला.

कडुलिंबाखाली बाज ठेवली. पाथरवट आणि सर एकेक दगड पहारीनं फिरवून आईसमोर आणायचे. वहिनी टेप लावून लांबी, रुंदी, खोली सांगायची, आई डाव्या हातानं दगड चाचपायची आणि नाव घ्यायची. वहिनी वहीतली जागा वाचायची. पाथरवटाला सुरुवातीला ही गंमत वाटली. पहिल्या पाच दगडांची तोंडं शेजारच्याला अशी लागली, की मध्ये पोस्टकार्ड जाईना. त्यानंतर तो आईला नाव विचारल्याशिवाय पहार उचलेना. एका टोकदार दगडापाशी आई हसली. "हे शोभा. कोणाच्या बी बाजूले बसवा, टोचतेच. कोपऱ्यात द्या तिले." गाव हसलं. मी छत्रीआड तोंड लपवलं. आणि खरं सांगते, कोपऱ्यातच तो दगड असा चपखल बसला, की पाथरवट म्हणाला, बाई, याच्यावर पूर्ण भिंतीचा भार येते.

दोन सकाळींत तीसही पाहुणे ओळखले गेले. तळच्या पायरीत मधोमध ती एक जागा उरली. पाथरवट म्हणाला, विटा-सिमेंटनं भरून टाकू. आई म्हणाली, "नाई. थे सुनेचं पान हाय. समदे बसले, वाढनारी उभीच हाय अजून." वहिनी लगबगीनं म्हणाली, "माहं काय, आई. मी बसन मांगून." पण पाथरवट आता आईचा माणूस झाला होता. त्यानं भिंतीला तात्पुरता टेकू दिला आणि म्हणाला, त्याच जातीचा काळा दगड पाहून घडवतो, पाऊस सरल्यावर आणतो.

पावसाळ्यात भिंत हलली नाही. दगड धुणाऱ्या बायकांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की सभागृह दुसरीकडे बांधा. आई दर रविवारी विचारायची, "सुनेचं पान आलं काय?" दसरा झाला आणि एका सकाळी वहिनीनं कूस बदलायला हात लावला, तेव्हा आई गेलेली होती. पाठीवर एक चट्टा नव्हता. आईला शेवटची आंघोळ आम्ही दोघींनी घातली, ती पाठ मी या डोळ्यांनी पाहिली. साडेतीन वर्षं अंथरुणावर काढलेल्या माणसाची पाठ.

तेरवी झाली. रविवार आले आणि गेले, वहिनी घरीच. आता रविवार अडवणारं कोणी नव्हतं, आणि तिचे पाय निघत नव्हते. टेप मशीनच्या खणात गेला होता; गिऱ्हाईक आलं की काढायची, परत ठेवायची. सरांचा फोन आला, दगड आलाय, शेवटचं घडवायचं माप हवं. ती म्हणाली, तुम्हीच घ्या ना. दादानं मला यवतमाळला फोन केला. मी पहिल्या बसनं निघाले. तिच्या मशीनचा खण उघडला, टेप काढला आणि तिच्या गळ्यात घातला. ज्या तोंडानं मी रविवार बंद केले होते, त्याच तोंडानं म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. त्या चट्ट्याचंही, आणि नंतरचंही. चल आता. मोजाले काय जाते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा मी वऱ्हाडी बोलले म्हणून.

दादाही बरोबर आला; बावडीतलं पाणी आधीच उपसून ठेवलं होतं. तिनं जागा तीनदा मोजली. पाथरवटानं दोन बोटं कड तासली, आणि दगड दोराला बांधून हळूहळू खाली सोडला. घासत, कुरकुरत तो आत गेला आणि बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दगड धुणाऱ्या बायकांनी घरून डबे आणले होते: भाकरी, वांग्याची भाजी, भात, वरण. वहिनी सवयीनं पदर खोचून वाढायला उठली. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि तिला त्या नव्या दगडावर बसवलं. तिच्यासमोर पत्रावळ मांडली. पस्तीस वर्षांत त्या बाईला आमच्या आधी जेवताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या घरात एवढी मोठी बाई होती, आणि मला ते बावडीच्या तळाशी उभं राहून कळलं. मी अभिमानानं तिला वाढत होते.

तिनं दोन घास खाल्ले आणि मोबाईल वाजला. साडेबाराचा गजर. तिनं तो काढलाच नव्हता. वहिनी अर्धी उठली, हातातला घास पत्रावळीत टाकला, पदर सावरला. ती तशीच क्षणभर उभी राहिली, दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गजर बंद केला आणि पुन्हा दगडावर बसली.

"ताई," ती म्हणाली, "थोडा भात वाढा."